अकरा हात काळा कागद

नाखवा फोटोंच्या पट्टीत काळा कागद चिकटवायचा. जे त्याने स्वतः पाहिलं नाही, त्या जागी. आम्ही इंजिनीअर माणसं नकाशावर न पाहिलेली जागा तुटक रेषेने जोडून टाकतो आणि पुढे जातो. नाखव्याला तुटक रेषाही खोटी वाटायची. "दिसलं तेवढंच दाखवायचं, इंजनेर," तो म्हणायचा. "नाय दिसलं ते काळं. काळं बघून मानूस थांबतो. रेघ बघून थांबत नाय."

त्याचं नाव वेगळं होतं, पण कल्याणच्या खाडीकडच्या वस्तीत सगळे त्याला नाखवाच म्हणत. बापाची होडी होती, ती याने विकली आणि बाजारापाशी फोटो स्टुडिओ काढला. होडी गेली, नाव राहिलं. स्टुडिओच्या भिंतीवर पडदा, पडद्यावर रंगवलेला धबधबा, आणि कोपऱ्यात जाळं विणायच्या सुया. गिऱ्हाईक नसलं की तो शेजाऱ्यांची जाळी दुरुस्त करून द्यायचा. मला वाटतं, जोडण्याचा नाद त्याला तिथूनच लागला.

लग्नात वऱ्हाड मोठं असलं की एका फोटोत मावत नसे. मग तो कॅमेरा थोडा थोडा फिरवून तीन फोटो काढायचा आणि एकाला एक जोडून लांबच लांब फोटो द्यायचा. एका लग्नात नवरीचा मामा पहिल्या फोटोला डावीकडे उभा राहिला आणि मागून पळत जाऊन तिसऱ्या फोटोला उजवीकडे. घरचे म्हणाले, "नाखवा, एक मामा काप की." नाखवा म्हणाला, "कापनार नाय. दोन ठिकानी होता तर दोन ठिकानी दिसंल." मात्र फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने त्याने लिहून दिलं होतं, 'मामा पळाला आहे.'

पाठीवर लिहिणं हा त्याचा नेम होता. दोन फोटो जिथे जोडले तिथे मागच्या बाजूला तो तिथी लिहायचा आणि पेन्सिल न उचलता एका रेषेत छोटा मासा काढायचा. ती त्याची सही. मी एकदा विचारलं, हे कोण बघणार आहे? तो म्हणाला, "फोटो कॅमेरा काढतो. जोड मानूस करतो. जोडाला धनी पायजे."

मी तेव्हा एका खासगी कंपनीत नोकरीला होतो. कंपनी गटारांची, नाल्यांची पाहणी आणि दुरुस्तीची कामं घ्यायची. तिचं नाव लिहीत नाही, ती आता अस्तित्वात नाही. राहायला ठाण्यात वर्तकनगरला होतो, नवीन संसार होता, आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कल्याणच्या जुन्या बाजाराखालून खाडीला जाणारा एक दगडी नाला होता. कमानीचं छत, जेमतेम वाकून चालता येईल एवढी उंची. त्यातला गाळ काढायचा होता, पण माणसं आत घालण्याआधी कमान धड आहे का, हे पाहणं भाग होतं. जमिनीखालची गोष्ट कार्यालयात बसलेल्या साहेबांना दाखवायची कशी? तेव्हा मला नाखव्याची लग्नातली पट्टी आठवली.

त्याला विचारलं तर तो आधी हसला. "वऱ्हाड कुठलं? उंदरांचं?" मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो तिथीचा. खाडीचं पाणी त्या नाल्यात शिरायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल. तेव्हाच नाला रिकामा होणार. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. "तुमच्या घड्याळावर नाय जायचं," त्याने मला बजावलं. "पान्याच्या घड्याळावर जायचं."

आत त्याच्याबरोबर किसन असायचा. किसन आमच्या कंपनीचा कामगार, साताऱ्याकडून आलेला, पंचविशीतला, अंगाने काटक. पाठीवर पोत्यात गाडीची बॅटरी आणि हातात तिला जोडलेला स्कूटरचा दिवा. नाखव्याने दोराला चार-चार हातांवर गाठी मारल्या होत्या. एक गाठ पुढे सरकायचं, एक फोटो काढायचा. प्रत्येक फोटोत खाली पाणी, मधे भिंतीचे दगडी थर आणि वर कमान. आधीच्या फोटोतला थोडा भाग पुढच्या फोटोत पुन्हा आला पाहिजे, म्हणजे जोडताना दगडाला तोच दगड मिळतो. मी वर रस्त्यात, नाल्यात उतरायच्या झाकणापाशी बसून त्यांचं बोलणं ऐकायचो. पोकळीतून आवाज यायचा.

"किसन्या, दिवा हलवू नको. नवरी हाय का समोर, हात थरथरायला?"

"नाखवा, पायात काहीतरी वळवळतंय."

"वळवळू दे. त्याचा फोटो नाय काढायचा आपल्याला."

पौर्णिमेपासून चार दिवस हे चाललं. आधी खाडीच्या तोंडाकडून आत, मग बाजाराच्या झाकणाकडून खाली. दोन्ही बाजू मधे भेटायला अकरा हात उरले होते, तेव्हा दोघे एकाएकी परत आले. नाखव्याच्या खांद्यावर चुन्याची बारीक पूड होती. तिथे गाळाचा ढीग होता, पाणी छातीला लागत होतं, आणि वरून काहीतरी झरत होतं. दिवा पुढे नेला तर पाण्यावर पूड पडल्याचा आवाज आला. नाखवा म्हणाला, "आता भांग लागतोय. पानी उतरनार नाय. अमावास्येला परत जाऊ, तवा ते अकरा हात बघू. तोवर कुनाला आत सोडू नको."

दोन दिवसांनी त्याने पट्टी आणून दिली. कार्यालयातल्या लांब टेबलावर उलगडली, तरी खाली लोंबत होती. सगळे बघायला जमले. जमिनीखालचा आख्खा नाला, दगड न दगड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि मधे वीतभरापेक्षाही कमी काळा कागद.

आमचे मोठे साहेब चांगले दोन मिनिटं बघत राहिले. मग त्यांनी त्या काळ्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

मी सांगितलं.

"सोमवारी काम देणाऱ्यांना दाखवायचंय. माणसं ठरलीयेत, पंप आलाय. अमावास्येपर्यंत मी लोकांना काय सांगू, चंद्र बघतोय म्हणून? दोन्हीकडचे नव्वद फोटो चांगले आहेत ना? मग मधे काय वेगळं असणारे?" ते उठले. जाताना दारातून म्हणाले, "तुझं कायम व्हायचं पत्र पण माझ्याच टेबलावर आहे. मला पट्टी पूर्ण हवी."

काप असं ते म्हणाले नव्हते. हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, त्यांच्यावर ढकलता येतं का ते पाहायला. येत नाही. कात्री माझ्या हातात होती.

शनिवारी दुपारी कार्यालय रिकामं झाल्यावर मी तो काळा कागद कापून काढला. दोन्ही कडांचे फोटो पाण्याने सैल केले आणि एकमेकांवर सरकवले. दगडाला दगड जुळेना. शेवटी एक काळपट डाग दुसऱ्या काळपट डागावर बसवला, तेव्हा लांबून बरं दिसलं. मग मला पाठीवरचे मासे आठवले. माझ्या जोडाच्या मागे मासा नव्हता. म्हणून मी आख्खी पट्टी जाड पुठ्ठ्यांवर चिकटवून टाकली. सोमवारी साहेब म्हणाले, "पुठ्ठ्यावर छान वाटतंय." खाली मी लिहिलं होतं, 'पूर्ण लांबीची पाहणी केली. कमान सुस्थितीत.'

नाखव्याला हे सांगितलं नाही. मंजुरीच्या सह्या होईपर्यंत अमावास्या गेली. तो विचारायला आला तेव्हा मी म्हणालो, काम पुढे ढकललंय, कळवतो. त्यानंतर तीन दिवसांनी गाळ काढायला सुरुवात झाली.

त्या सकाळी किसन बाजारच्या झाकणापाशी उभा होता. कमरेला दोर बांधून झाला होता, पण तो उतरेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, ते अकरा हात?"

मी म्हणालो, "नाखवा अमावास्येला जाऊन बघून आले. पट्टी पूर्ण आहे."

"माझ्याबिगर गेले? दिवा कुणी धरला?"

"दुसरा माणूस होता."

तो थोडा हिरमुसला. त्याला वाटलं, नाखव्याने आपल्याला टाळलं. मग म्हणाला, "बघून आलेत ना, मग झालं." आणि खाली उतरला. माझ्या शब्दावर तो उतरला नसता. नाखव्याच्या डोळ्यांवर उतरला.

तासाभराने जमीन हलल्यासारखी वाटली. फार मोठा आवाज झाला नाही. झाकणातून धुळीचा लोट वर आला आणि मागोमाग किसनचा आवाज. तो जिवंत होता. डावा पाय दगडांखाली सापडला होता आणि दगड दोघा-तिघांना हलत नव्हते. आणि खाडीकडून पाणी यायला सुरुवात झालेली होती.

मी धावत नाखव्याच्या स्टुडिओत गेलो. तो शाळेतल्या मुलींचा फोटो कापत बसला होता. मी एवढंच म्हणालो, "किसन आत अडकलाय." त्याने कुठे म्हणून विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, कात्री खाली ठेवली आणि बोटांवर तिथी मोजली. "पावनेदोन तास. फार तर दोन. मग त्याच्या नाकात पानी जाईल." वाटेत उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याकडून त्याने जॅक मागून घेतला, होडीचा जाड दोर खांद्यावर टाकला आणि झाकणातून खाली गेला. पन्नाशी उलटलेला माणूस.

ते पावणेदोन तास मी झाकणाच्या कडेला पालथा पडून होतो. खालून तुटक तुटक ऐकू येत होतं.

"किसन्या, बोलत रहा. गप बसू नको."

"पाणी वर आलंय, नाखवा."

"येनारच. खाडी हाय ती. कुठवर आलंय सांग."

"छातीला."

"तुझी छाती की माझी? तू बुटका हायेस."

मग बराच वेळ फक्त जॅकची करकर. मग किसनची किंकाळी, आणि दोर ओढा म्हणून नाखव्याची हाक. आम्ही सहाजणांनी ओढला. आधी किसन वर आला. पायाकडे बघवत नव्हतं. त्याच्यामागून नाखवा, हनुवटीपर्यंत चिखलाने भरलेला. तो माझ्याजवळून जाताना थांबला. धाप लागली होती. "अकरा हात," एवढंच म्हणाला.

किसनचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. टेबलावर पुठ्ठ्यांवरची पट्टी मांडलेली. मोठे साहेब होते, मी होतो, आणि नाखव्याला बोलावलं होतं. धुतलेला सदरा घालून आला होता. पुठ्ठ्यावर लावलेली पट्टी त्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. एका टोकापासून बघत बघत चालत गेला आणि माझ्या जोडापाशी थांबला. तिथे बोट ठेवलं.

"सायेब, पानी पायरी चढतं का?"

"म्हणजे?"

"हितं बघा. ह्या फोटोत पानी भिंतीच्या तिसऱ्या थराला हाय. लगेच पुढच्या फोटोत पयल्या थराला. एका वाटेवर पानी असं उडी मारंल का? मधलं कापलंय. फोटो माझे हायेत. हा जोड माझा नाय."

अधिकारी म्हणाले, "फोटोत उजेडामुळे कमी-जास्त दिसतं."

"मग पाठ बघा. माझ्या जोडामागं मासा असतो."

"मासा?" कोणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनाही हसू आलं. ते म्हणाले, "पुठ्ठ्याला चिकटवलंय, पुरावा फाडून कसं चालेल?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ही पट्टी तुमच्याकडे कशी आली?"

नाखवा माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दिवा स्थिर होईपर्यंत तो किसनसाठी थांबायचा, तसा थांबला होता.

मी म्हणालो, "जशी आली तशीच पुठ्ठ्यावर लावली, साहेब." काळा कागद पाहिलेले मोठे साहेब फाईल चाळत राहिले.

"मग जोड कोणाचा?" अधिकाऱ्यांनी नाखव्याला विचारलं.

"ज्यानं केला तो सांगंल," नाखवा म्हणाला, आणि खुर्चीत बसला. माझं नाव घेतलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की छायाचित्रकाराने सदोष पट्टी दिली. मला त्या महिन्यात कायम केलं.

स्टुडिओचं काम हळूहळू आटलं. न बघता फोटो जोडतो, एका पोराचा पाय घालवला, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. शाळांनी वर्गाच्या फोटोला दुसरा माणूस बोलावला. पण त्याला लागलं ते वेगळंच. तो इस्पितळात बोंबलाचं कालवण घेऊन किसनकडे गेला होता. मी व्हरांड्यात होतो, दार उघडं होतं.

"किसन्या, मी गेलो नव्हतो रे अमावास्येला. आईशप्पत नव्हतो गेलो."

"पट्टी पूर्ण व्हती ना पण?"

"व्हती. पण..."

"मग जावा, नाखवा. खोटं बोलायला हितवर नका येऊ." आणि किसनने भिंतीकडे तोंड केलं.

नाखवा डबा घेऊन बाहेर आला. मला पाहिलं. तो पुन्हा आत जाऊन माझ्याकडे बोट दाखवू शकला असता, मी चार पावलांवर होतो. त्याने डब्याचं झाकण घट्ट केलं आणि जिना उतरला.

त्यानंतर मी बाजारातून जायचं टाळायचो, पलीकडच्या गल्लीने वळसा घ्यायचो. काही वर्षांनी कल्याणच्या एसटी स्टँडवर तो समोरच आला. पाठीत वाकला होता. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. तो म्हणाला, "काय इंजनेर, बरं हाय ना?" मग विचारलं, "किसन्या भेटतो का?"

मी म्हणालो, शीळफाट्याला भाच्याबरोबर पंक्चरचं दुकान टाकलंय म्हणे.

"त्याला सांग कवातरी. माझ्यासाठी नको. त्याला वाटतं, ज्याच्या भरवशावर उतरला त्यानंच फसवलं. तसं घेऊन जगायला जड जातं रे मानसाला."

मी मान हलवली. ठाण्याची गाडी लागली होती, मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या पिशवीची गाठ सोडवत होता. नव्वदचं दशक सरता सरता तो गेला. मी अंत्ययात्रेला गेलो, पण रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिलो. किसन आला नव्हता.

कंपनी बंद झाली तेव्हा जुन्या फायली रद्दीत जात होत्या. त्यातून ते पुठ्ठे मी उचलून घरी आणले. कपाटावर ठेवले. काळा कागद मी त्या शनिवारीच माझ्या डायरीत ठेवला होता, तो का फेकला नाही ते मला सांगता येणार नाही. कपाटावरून नजर चुकवत इतकी वर्षं गेली. आता माझी सत्तरी उलटली आहे. गेल्या महिन्यात मी न्हाणीत मोठ्या परातीत पाणी घेतलं आणि एकेक पुठ्ठा भिजवला. खळ सुटली. फोटो उलटे करून वर्तमानपत्रावर वाळत घातले. पेन्सिल जशीच्या तशी होती. तिथी आणि मासा, तिथी आणि मासा. एका जोडामागे काहीच नव्हतं.

पट्टी गुंडाळून आणि डायरी घेऊन मी शीळफाट्याला गेलो. किसन दुकानात पाटावर बसला होता, समोर पाण्याचं घमेलं, हातात ट्यूब. केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं. "साहेब? इकडं कुठं?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांचा सोमवार, कात्री, पुठ्ठा. झाकणापाशी त्याला काय सांगितलं ते. चौकशीत काय म्हणालो ते. तो ट्यूब हातात धरून ऐकत होता. मधे एक ट्रक आला, ड्रायव्हरने हाक मारली, त्याने हातानेच थांब म्हटलं.

"म्हंजी नाखवा गेलाच नव्हता."

"नाही."

"इस्पितळात आला तवा खरं बोलला."

"हो."

ट्यूब त्याने घमेल्यात सोडली. मग त्याने हात पुसले आणि म्हणाला, "आणा."

पाटासमोर पट्टी उलगडली. तो झाकणाकडून बघत आला, एकेका जोडावरून अंगठा फिरवत. ट्यूबवरचं ठिगळ तपासावं तसा. माझ्या जोडापाशी अंगठा थांबला. मी डायरीतून काळा कागद काढून तिथे ठेवला. कडा विटल्या होत्या.

"हितं मी दिवा धरला व्हता," किसन म्हणाला. "हितून त्यानं मला मागं वढलं. म्हणाला, 'किसन्या, फोटो गेला खड्ड्यात, तू चल.'" त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता. "स्टुडिओवरनं मी किती येळा रिक्षानं गेलो, साहेब. पडदा ओढून घ्यायचो."

मला माफी मागायची होती. तोंड उघडलं तर त्याने हात वर केला. "मला नगा सांगू. ते झालं." त्याने पट्टी उलटी केली आणि मासे पाहिले. मग ती कोरी जागा. पंक्चरची जागा खूण करायला त्याच्या कानामागे कॉपिंग पेन्सिल होती. तिचं टोक त्याने घमेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"तुमचा जोड हाय. लिवा."

मी गुडघे टेकून बसलो. त्याने दुसऱ्या हाताने कागद दाबून धरला, हलू नये म्हणून. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. जांभळी अक्षरं ओल्यावर पसरली आणि आणखी गडद झाली.

"मला वाचता येत न्हाई," किसन म्हणाला. "काय लिवलं?"

मी सांगितलं.

फाट्यावरून गाड्या जात होत्या. ड्रायव्हर चाकापाशी उभा राहून आमच्याकडे बघत होता. ऐकू न आल्यासारखा किसनने कानामागे तळवा धरला.

"मोठ्यानं," तो म्हणाला.